दाढीच्या ब्रशाची मूठ

संत सेना महाराजांचा हजामतीच्या रूपकावर रचलेला अभंग आपल्यापैकी बहुतेकांनी कीर्तनात केव्हा ना केव्हा ऐकलेला असेल. त्यात धंद्यातील सामग्री एकेक करून येते. आरसा येतो, चिमटा येतो, डोई भिजविण्याचे पाणी येते. साबण मात्र येत नाही, आणि ब्रशाचा तर पत्ताच नाही. साक्षीदार काय बोलला याइतकेच तो काय बोलला नाही हेही टिपून ठेवण्याची आम्हा वकील मंडळींस खोड असते. त्यामुळे तो अभंग ऐकताना माझे लक्ष दर वेळी या अनुपस्थित वस्तूकडे जाते.

अनुपस्थितीचे कारण सरळ आहे. आपल्याकडील न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, सहाण, चामड्याचा पट्टा, आरसा आणि पाण्याची वाटी एवढा संसार असे. वाटीतले पाणी बोटांनी गालांवर चोळून चोळून दाढी मऊ करावयाची आणि मग वस्तरा चालवावयाचा, ही रीत. त्या बोटांनाच ब्रश म्हणावयाचे असेल तर म्हणावे. केसांचा झुबका मुठीत बसवून त्याने साबणाचा फेस काढावयाचा ही कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आली, आणि आली ती सुद्धा बरीच उशिरा. पाहुणा घरचाच होऊन गेला की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. या पाहुण्याचे मूळ मात्र विचारण्यासारखे आहे. आणि त्यातही केसांचे नव्हे, तर मुठीचे. कारण केसांविषयी जे जे सांगितले गेले, खरे आणि खोटे, त्याची हमी बहुतकरून मुठीनेच दिली.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये या ब्रशाचा प्रसार झाला. फ्रेंच भाषेत दाढीच्या ब्रशाला ‘ब्लेरो’ म्हणतात, आणि ‘ब्लेरो’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा प्राणी. वस्तूला कच्च्या मालाचेच नाव मिळाले. बॅजरचा केस पाणी धरून ठेवतो आणि त्याचे टोक निमुळते व मऊ असते, म्हणून तो उत्तम मानला जाई; डुकराचा राठ केस त्याखालचा. लंडनची केंट ही ब्रश बनविणारी पेढी १७७७ सालची. त्या काळच्या मुठी कातारी चरकावर कातीत असत, आणि त्या हस्तिदंताच्या, शिंगाच्या, हाडाच्या, बॉक्सवुड नावाच्या पिवळसर घट्ट लाकडाच्या किंवा काळ्या आबनुसाच्या असत. आबनूस हे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले झाड. आणखी एक लाकूड पश्चिम घाटातून आणि मलबारातून जहाजांवर चढे. ते म्हणजे आपली शिसवी.

या वस्तूच्या रचनेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. केसांचा झुबका दोऱ्याने आवळून, राळ किंवा लाख यांच्या मिश्रणात बुडवून, मुठीच्या खोबणीत बसवीत. केसांचे मूळ अशा रीतीने खोबणीत गडप होई. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडे ती अख्खी मूठ आणि केसांची फक्त टोके. टोकांवरून प्राणी ओळखणे हे जाणत्याचे काम; सामान्य माणूस मूठ पाहूनच ब्रशाची प्रत ठरवी. हस्तिदंती मूठ असेल तर आतील केसही तोलामोलाचे असणार, असे त्याचे अनुमान. मूठ ही अशा रीतीने दुकानाचे तोंड झाली, आणि तोंडाला रंग लावण्याचा मोह व्यापाराला कधी आवरलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा रंग रसायनशाळेतून येऊ लागला. रबरात भरपूर गंधक घालून ते तापविले की काळा कठीण पदार्थ होतो. त्याचे नावच ‘एबोनाइट’ ठेवले. म्हणजे आबनुसाचा तोतया. हस्तिदंत महाग झाला तेव्हा १८६०च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डच्या चेंडूंसाठी पर्यायी पदार्थ शोधून देणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, आणि त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट याने सेल्युलॉइड सिद्ध केले. कारागीर लवकरच सेल्युलॉइडच्या पातळ थरांतून हस्तिदंतासारख्या बारीक रेषाही उठवू लागले. पुढे लिओ बेकलंड याने १९०७ साली बेकेलाइट शोधले. तो मुळात शोधीत होता लाखेला पर्याय, आणि ती लाख प्रामुख्याने हिंदुस्थानच्या जंगलांतील पळस, बोर, कुसुम या झाडांवरून जात असे. तोतयांच्या या वंशावळीत आपले असे नाते कोठे कोठे लागते.

या सर्वांत मला सर्वांत विलक्षण वाटते ती दुधाची मूठ. १८९९ साली जर्मनीत क्रिशे आणि स्पिटेलर या दोघांनी दुधातील केसीनवर फॉर्माल्डिहाइडची क्रिया करून एक पदार्थ तयार केला आणि त्याला ‘गॅललिथ’ असे ग्रीक नाव दिले. अर्थ, दुधाचा दगड. साय काढलेले दूध नासवावयाचे, चोथा दाबून पत्रे व कांड्या करावयाच्या आणि त्या आठवडेच्या आठवडे, जाड असल्यास महिनेच्या महिने, फॉर्मलिनमध्ये मुरत ठेवावयाच्या. मग तो पदार्थ चरकावर सुरेख कातला जातो, शिंगासारखा दिसतो, हस्तिदंतासारखी झिलई घेतो. दुधाची मूठ म्हटल्यावर आपल्या वाचकांपैकी सोवळ्यातील मंडळींना ती सर्वांत निर्दोष वाटेल. परंतु हे दूध नासविण्यासाठी जे रेनेट वापरीत, ते त्या काळी वासराच्या जठरातून काढलेले असे. मुठीकडे पाहून हे कोणी सांगू शकला नसता. शिवाय हा पदार्थ पाणी पितो, फुगतो आणि कालांतराने तडकतो. म्हणजे दाढीच्या ब्रशाला, ज्याचा जन्मच पाण्यात जायचा, तो फारसा मानवत नसे.

येथवरची नक्कल ही पैशाची लबाडी होती, फार तर रुचीची. प्राणावर बेतली ती पहिल्या महायुद्धात.

किंग जिलेट याला सेफ्टी रेझरचे पेटंट १९०४ साली मिळाले आणि दाढी न्हाव्याच्या दुकानातून घरातील आरशासमोर आली. युद्ध सुरू झाल्यावर लक्षावधी तरुण छावण्यांत गोळा झाले. प्रत्येकाला रोज गुळगुळीत दाढी सक्तीची आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक ब्रश. इतके बॅजर आणावयाचे कोठून? शिवाय युद्धामुळे केसांच्या व्यापाराच्या जुन्या वाटा बंद पडलेल्या. तेव्हा आशियातून आलेले घोड्याचे केस बॅजरच्या केसांसारखे दिसतील अशी तजवीज करून स्वस्त ब्रशांत बसविण्यात आले. त्यांतील काही केस रोगट जनावरांचे होते, आणि पुरेसे निर्जंतुक केलेले नव्हते. आपल्याकडे गुरांच्या ज्या रोगाला काळपुळी किंवा फाशी म्हणतात, त्याचे जंतू त्या केसांत सुप्तावस्थेत होते. रॉबर्ट कॉख याने १८७६ साली दाखवून दिले होते की हे जंतू बीजाणू होऊन दीर्घकाळ टिकतात आणि अनुकूल जागा मिळताच पुन्हा जागे होतात. वस्तऱ्याने गालावर पडलेली बारीकशी चीर ही त्यांना पुरेशी अनुकूल जागा होती. प्रथम पुटकुळी, मग काळी खपली, मग गळ्यापर्यंत सूज, आणि काहींच्या बाबतीत मृत्यू. इंग्लंडमध्ये अशा रोग्यांची नोंद १९१५पासून होऊ लागली. अमेरिकेच्या सैन्यात पुढे शंभरांहून अधिक सैनिकांना हा रोग जडला. त्या काळात पेनिसिलिन नव्हते. आघाडीवर न जाताच, गोळी न लागताच, छावणीतील आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला मृत्यूने गाठावे, आणि तोही दीड दमडीच्या ब्रशातून, हे त्यांच्या घरच्यांना कसे समजावून सांगितले असेल?

वकील म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. समजा, एखाद्या गृहस्थाने दुकानातून ब्रश विकत घेतला आणि त्याला हा रोग झाला. इंग्लंडच्या १८९३च्या मालविक्री कायद्याप्रमाणे तो दुकानदारावर दावा लावू शकला असता. माल त्याच्या प्रयोजनास योग्य असला पाहिजे, ही अट करारात गृहीत धरली जाते. परंतु तोच ब्रश त्याच्या पत्नीने विकत घेऊन त्याला भेट दिला असेल तर? किंवा न्हाव्याने आपल्या ब्रशाने त्याच्या गालाला फेस लावला असेल तर? त्याचा आणि ब्रश विकणाऱ्याचा करारच नाही. १८४२च्या विंटरबॉटम विरुद्ध राइट या निवाड्यापासून इंग्लंडच्या न्यायालयांचा साधारण दंडक असा होता की करार नाही तेथे वस्तू बनविणाऱ्यावर दावा नाही. हा दंडक मोडला तो १९३२ साली, डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या प्रकरणात, जिंजर बिअरच्या बाटलीतील गोगलगायीच्या निमित्ताने. बाटली अपारदर्शक होती, आतले दिसत नव्हते, मैत्रिणीने विकत घेऊन दिली होती. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही गोगलगाय तोंडपाठ असते. मला मात्र नेहमी वाटते की तिच्या आधी दीड तप खोबणीत गडप झालेले घोड्याचे केस हाच प्रश्न विचारीत होते, आणि त्यांचे गाऱ्हाणे तितक्या उंच न्यायासनापर्यंत पोचले नाही. आपल्याकडे १९३०च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम विक्रेत्यापुरते बोलते. वस्तू बनविणाराच्या उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण कायद्यात आले ते २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने.

न्यायालय चालले नाही तेथे सरकार चालले. इंग्लंडने १९१९ साली अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि १९२० साली त्याखाली हुकूम काढून जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. अमेरिकेत ब्रशांचे केस निर्जंतुक करण्याबद्दल निर्बंध आले. आता गिऱ्हाइकाला खात्री पटवावयाची कशी? केसांवर तर काही लिहिता येत नाही. मग लेख आला तो मुठीवर. त्या पिढीतील अनेक अमेरिकन ब्रशांच्या मुठीवर ‘स्टेरिलाइज्ड’ हा शब्द कोरलेला आढळतो, आणि त्याच्या जोडीला केस रबरात घट्ट बसविल्याची ग्वाही. मुठीने आजवर आपल्या रूपाने जे सुचविले होते, ते तिला आता अक्षरांत लिहून द्यावे लागले. प्रतिज्ञापत्रच म्हणा ना.

धर्मशास्त्रातील द्रव्यशुद्धिप्रकरणाची येथे आठवण होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणता पदार्थ कशाने शुद्ध होतो याची यादी आहे. तीत शंख, शिंग, हाड आणि हस्तिदंत यांच्या वस्तूंसाठी एक विधी दिला आहे, आणि लाकडी वस्तूची शुद्धी तासण्याने होते असे म्हटले आहे. वरचा पापुद्रा काढावा, आतले लाकूड शुद्धच. कोणत्याही कातारी माणसाला हे पटेल. जुनी मळकी मूठ चरकावर चढवून केसभर तासली की ती नव्यासारखी होते. खोबणीतल्या केसाला मात्र तासता येत नाही. तेथे त्याच्या उत्पत्तीविषयी कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते.

पुढे डब्यातून फसफसत बाहेर येणारा फेस १९४९-५०च्या सुमारास अमेरिकेत निघाला, आणि ब्रश हळूहळू न्हाव्याच्या दुकानापुरता व जुन्या वळणाच्या गृहस्थांपुरता उरला. नायलॉनच्या धाग्यांनी केसांची जागाही पुष्कळ प्रमाणात घेतली. तरीही गेल्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेत, आणि तुरळकपणे आपल्याकडेही, हौशी कारागिरांनी हाताने मुठी कातण्याची कला पुन्हा उचलली आहे. त्यांचा ओढा एकाच लाकडाकडे नसून मिश्र लाकडांकडे आहे. दोनतीन जातींच्या चकत्या एकमेकींवर चिकटवावयाच्या, मधून पितळेची, शिंगाची किंवा रंगीत राळेची चकती घालावयाची आणि मग तो ठोकळा चरकावर चढवावयाचा. मला ही मूठ आवडते याचे कारण तिच्यात जोड लपविलेला नसतो. फणस पिवळा दिसतो, शिसवी काळसर जांभळी, साग तांबूस. कोण कोठे संपतो हे रेषेवर बोट ठेवून सांगता येते. हस्तिदंताचा आता प्रश्नच नाही. आपल्या वन्यजीव कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने परदेशी हस्तिदंताचाही. शिसवीच्या सबंध कुळावर जानेवारी २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. लहान तयार वस्तूंना पुढे २०१९ साली काही सवलत मिळाली. तेव्हा परदेशी पाठवावयाच्या मुठीत शिसवीची चकती घालताना ती शिसवीच आहे असे कागदावर लिहावे लागते, आणि नसेल तर तसे लिहून चालत नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर स्वतः एक मूठ करून पाहण्याची दुर्बुद्धी मला झाली. जुन्या चौकटीतला सागाचा तुकडा, मृदंगाच्या खोडाला वापरतात त्या फणसाची एक चकती, आणि मोडक्या खुर्चीच्या पायातली शिसवी. फणसाच्या चकतीवरील नक्षी दिसावी म्हणून ती मी आडवी घातली, बाजारातला पांढरा सरस लावला, शिकंज्यात आवळली आणि ओळखीच्या एका कातारी गृहस्थाकडून कातून घेतली. वर लाखेची झिलई दिली. चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवावी, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढावी, आणि केवड्याच्या पानाने घासली की आरसा व्हावा, ही आपल्याकडील लाखकामाची जुनी युक्ती. मूठ अशी दिसू लागली की घरी येईल त्याला मी ती दाखवीत सुटलो.

श्रावणात ती उकलली. आधी गरम पाण्याने आणि साबणाच्या क्षाराने लाख पांढरी पडली, नंतर फणसाच्या दोन्ही बाजूंचे जोड सुटले. कातारी गृहस्थांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “वकीलसाहेब, लाकडांचं भांडण तुम्हीच लावून दिलंत.” मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. लाकूड ओले होते तेव्हा ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. (नंतर मी पुस्तकातून पाहिले: ओले लाकूड पूर्ण सुकताना रुंदीत शेकडा ५ ते १० सहज आकसते, लांबीत शेकडा पावसुद्धा नाही.) सागाचे आणि शिसवीचे तंतू उभे आणि मधल्या फणसाचे आडवे, म्हणजे एकाने पसरावयाचे आणि शेजाऱ्याने हलावयाचे नाही. जोड तुटणार नाही तर काय होईल? सर्वांचे तंतू एकाच दिशेने हवेत. दुसरे, साग आणि शिसवी यांच्या अंगात तेल असते. त्यावर सरस धरत नाही. चिकटविण्याआधी ॲसिटोनच्या फडक्याने ते पुसून घ्यावे आणि लगेच, तेल पुन्हा वर येण्याच्या आत, दोन भागांचे इपॉक्सी लावावे. तिसरे, शिकंजा अति आवळू नये. सगळा डिंक बाहेर निघून जातो आणि जोड उपाशी राहतो. ‘जोड उपाशी राहतो’ हे शब्द त्यांचेच.

दुसऱ्या खेपेस मी त्यांच्या चरकाजवळ उभा राहून पाहिले. ठोकळा चौकोनी असतो. प्रथम गोलचीने कोपरे मारून त्याचा दंडगोल केला. त्यानंतर खोबण. बाहेरचा आकार देण्याआधी खोबण पाडावयाची, कारण आकार दिल्यावर भिंत पातळ राहून चिरण्याचे भय. खोबणीचा व्यास झुबक्याच्या बुडापेक्षा किंचित अधिक, खोली बेताने. खोबण खोल झाली तर केस आखूड उरून ताठ लागतात, उथळ झाली तर ते लोळतात. मग कंबर काढली, जेथे अंगठा आणि दोन बोटे बसतात. एका जातीवरून दुसऱ्या जातीवर पटाशी जाताना आवाज बदलतो. फणसावर तो मऊ, शिसवीवर कडक. त्या आवाजावरून ते डोळे मिटूनही सांगू शकले असते की आपण कोठे आहोत. काचकागद जाडापासून बारीकापर्यंत. शिसवीची काळी भुकटी फणसाच्या पिवळ्या रंध्रांत भरून डाग पडू नये म्हणून दर टप्प्याला फुंकर आणि कोरडे फडके. लाखेऐवजी या वेळी पाण्याला दाद न देणारे राळेचे पातळ थर, आणि खोबणीच्या आतूनही तेच, कारण पाणी वरून कमी आणि आतून अधिक शिरते.

ही मूठ पावसाळा संपूर्ण काढूनही शाबूत आहे. उंची साडेपाच सेंटिमीटर, खोबण २२ मिलिमीटरची. झुबका टपालाने मागविला होता, तोही आला. पुडके उघडले तेव्हा आई देवपूजा आटोपून बाहेर येत होती. तिने विचारले, “केस कशाचे रे?” मी पुडक्यावरची चिठ्ठी वाचली. तीवर ‘अस्सल नैसर्गिक केस, उत्तम प्रत’ एवढेच छापलेले आहे. प्राणी कोणता, केस कोणत्या देशातले, निर्जंतुक केले की नाही, काहीही नाही. विक्रेत्याला मी तीन प्रश्नांचे पत्र धाडले आहे आणि त्याला पंधरा दिवस होऊन गेले. तोवर मूठ माझ्या टेबलावर उभी आहे, आणि धाकट्याने तिच्या खोबणीत दोन पेन्सिली रोवून ठेवल्या आहेत.